तीव्र मध्यम, पाऊस आणि घंटा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर लेकीबद्दल बोलताना तू आवाज खाली आणलास. काळे टी-शर्ट, गळ्यात क्रूस, बंद दाराआड दिवसभर तो गडगडाट आणि भिंतीवर ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमचं चित्र. “हे सैतानाचं वगैरे काही आहे का रे?” असं तू विचारलंस आणि मी थातुरमातुर उत्तर दिलं. ते मनाला लागून राहिलंय. ज्या तबकडीवर मी इतकी वर्षं जीव लावला, तिच्याबद्दल तुला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी त्या चित्राचं सांगतो. त्यातली इमारत म्हणजे ऑक्सफर्डशायरमधल्या मेपलडरहॅमची थेम्सकाठची पाणचक्की. छायाचित्रकार कीथ मॅकमिलन. फिल्म इन्फ्रारेड वापरलेली, म्हणून झाडं अशी विटकी गुलाबी दिसतात आणि समोर उभी असलेली काळ्या वस्त्रांतली बाई या जगातली वाटत नाही. कव्हर उघडलं की आत उलटा क्रूस छापलेला होता. पण तो बँडच्या पोरांनी मागितलेला नव्हता, तबकडी तयार होऊन हातात आली तेव्हा त्यांनी तो पाहिला. त्यांच्या गळ्यात होते ते सरळ क्रूस, आणि ते बँडचा गायक ऑझी ऑझबोर्न याच्या वडिलांनी बनवून दिलेले. वडील कारखान्यात अवजारं घडवणारे कामगार. पोरांना काही होऊ नये म्हणून बापानं धातूचे क्रूस करून दिले. तुझ्या लेकीच्या गळ्यातल्या क्रूसाचं मूळ तिथे आहे.

बँडमधले चौघंही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, १९४८-४९ मध्ये जन्मलेले. युद्ध संपलं होतं, पण बॉम्बनं पडलेल्या घरांचे ढिगारे तसेच होते आणि ही पोरं त्यांतच खेळून मोठी झाली. पुढे कारखाना ठरलेला. ऑझीनं कत्तलखान्यात काम केलं, मोटारींचे हॉर्न जुळवण्याचं काम केलं, चोरी करून तुरुंगही पाहिला.

पण खरी गोष्ट बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांची आहे. वय १७, पत्र्याच्या कारखान्यातला कामाचा शेवटचा दिवस. गिटारवादक म्हणून दुसऱ्या एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलेलं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची इच्छा नव्हती. आई म्हणाली, हातातलं काम पुरं करून ये. नेहमीचा माणूस आला नव्हता म्हणून त्याला प्रेसवर बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. तारा दाबायचा हात तोच.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. मग कारखान्यातल्या एका वरिष्ठानं त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली आणि ऐकून झाल्यावर सांगितलं, हा माणूस दोन बोटांनी वाजवतो, बाकीची आगीत निकामी झालीत. आयोमीनं घरी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पकड यावी म्हणून त्यांवर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. त्या टोप्यांखाली तार जाणवत नाही, किती दाबली ते कळत नाही, जाड तार खेचली की दुखतं. हलक्या तारांचे संच तेव्हा मिळत नसत, म्हणून त्यानं गिटारला बँजोच्या तारा लावल्या. पूर्ण कॉर्ड, म्हणजे अनेक तारांवरचे स्वर एकदम, धरणं कठीण, तेव्हा तो दोन-तीन तारांवरच्या भरीव स्वरांकडे वळला.

तू तानपुऱ्याशेजारी वाढलास, म्हणून तुझ्या भाषेत सांगतो. ते दोन-तीन स्वर म्हणजे षड्ज आणि पंचम. गंधार नाहीच. शुद्धही नाही, कोमलही नाही. त्यामुळे स्वर ना प्रसन्न ना उदास, नुसता उभा राहतो. आवाज फाटेल इतका ॲम्प्लिफायर वाढवला की गंधाराचा चिखल होतो, पण षड्ज-पंचम दगडासारखे घट्ट राहतात. हेवी मेटलचा तो जडपणा ज्याला म्हणतात, त्याच्या बुडाशी हे आहे. एका कामगार पोराच्या दुखऱ्या बोटांना जे झेपत होतं, ते.

आता पहिलं गाणं. नाव बँडचंच, अल्बमचंही तेच. सुरुवातीला पाऊस, दूर चर्चची घंटा, मेघगर्जना. (हे नंतर स्टुडिओत जोडलं, आणि ज्यानं जोडलं त्याचे उपकार आहेत.) मग तीन स्वर येतात. खालचा सा, वरचा सा आणि तिथून उतरून मधला तीव्र मध्यम, तोही थरथरता. बस. तू यमनमध्ये हा तीव्र मध्यम हजार वेळा लावला असशील. तिथे तो गोड लागतो, कारण गंधार आणि पंचम त्याला दोन्ही हातांनी धरून असतात. इथे कुणी नाही. सा सोडून तो अधांतरी लोंबकळत राहतो, आणि आपण वाट पाहतो की आता पंचमावर जाईल, आता जाईल. तो जात नाही. बेस वाजवणारा गीझर बटलर इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ‘मार्स’ या रचनेचा चाहता होता, तिच्यातही हेच स्वरांतर. ती धून तो वाजवत होता, त्यातून आयोमीला हे सुचलं.

शब्दांमागे गीझरचा अनुभव आहे. रात्री जाग आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी एक काळी आकृती उभी दिसली आणि त्यानं धसका घेतला. गाण्यातला माणूस त्या आकृतीला शरण जात नाही रे, तो घाबरून देवाचा धावा करतो. ऑझी ते गातो तेव्हा गायकी शोधू नकोस, मदत मागणाऱ्या माणसाचा आवाज ऐक. याच अल्बममधल्या ‘एन.आय.बी.’ या गाण्यात सैतान बोलतो हे खरं, पण तिथे तो प्रेमात पडलेला आहे. त्या नावावरून लोकांनी नाही नाही ते अर्थ काढले. मूळ गोष्ट एवढीच की ड्रमर बिल वॉर्डची दाढी पेनाच्या निबसारखी दिसायची.

हे सगळं १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित झालं, जवळजवळ मंचावर वाजवतात तसंच. त्या घाईतच त्याचं सामर्थ्य आहे असं मला वाटतं. वॉर्डचा हात जॅझमध्ये घडलेला, तो नुसता ठोका देत नाही, गिटारशी बोलतो. ते बोलणं तुकड्यातुकड्यांनी मुद्रित केलं असतं तर मेलं असतं. दुसऱ्या बाजूबद्दल मी फार भांडणार नाही. ‘ईव्हिल वुमन’ दुसऱ्या बँडचं गाणं, ते नसतं तरी चाललं असतं.

१३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. त्या दिवशी अल्बम बाजारात आला. समीक्षकांनी झोडपला. लोकांनी मात्र घेतला, ब्रिटनच्या यादीत तो आठव्या क्रमांकापर्यंत गेला. फुलांच्या आणि शांतीच्या गाण्यांचा तो काळ, आणि त्या गाण्यांत ॲस्टन कुठेच नव्हतं. धूर, यंत्रं, उद्याची भीती हे सगळं जगणाऱ्या पोरांना पहिल्यांदा आपल्या आयुष्याइतकं जड काहीतरी ऐकायला मिळालं.

त्यातून काय काय निघालं ते सांगायला पत्र पुरणार नाही. त्या पहिल्या गाण्याची संथ चाल उचलून ‘डूम मेटल’ ही अख्खी शाखा उभी राहिली. २००६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं स्वागत करायला मेटॅलिका या मेटल बँडचे लोक उभे होते, म्हणजे शिष्यच. ज्या शहरानं हा आवाज बराच काळ आपला मानला नाही, त्यानं ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला बँडचं नाव दिलं. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेनं त्यांच्या संगीतावर बॅले केला.

आणि ५ जुलै २०२५. ॲस्टनचंच व्हिला पार्क मैदान, ज्याच्या आसपासच्या गल्ल्यांत ऑझी वाढला. चौघं मूळ सोबती वीस वर्षांनी पुन्हा एकत्र वाजवायला आले. पार्किन्सननं थकलेला ऑझी सिंहासनावर बसून गायला, उभं राहता येत नव्हतं. पहिल्या अल्बममधलं ‘एन.आय.बी.’ त्या रात्रीही होतं. १७ दिवसांनी तो गेला. अंत्ययात्रा त्या पुलापाशी थांबली तेव्हा रस्ता फुलांनी भरला होता. मी ते पडद्यावर पाहत होतो आणि मला रडू आवरलं नाही.

माझं एक ऐक. तिच्या दारावर टकटक कर आणि पहिलं गाणं लावायला सांग. सहा मिनिटांचं आहे. मध्येच उठू नकोस, शेवटी ते घोड्यासारखं उधळतं, ते चुकवू नकोस. आणि झालं की तिला त्या तीव्र मध्यमाचं सांग, यमनमधला तिला गाऊन दाखव. तो स्वर तू कसा लावतोस ते मला माहीत आहे, तिनंही एकदा या नजरेनं ऐकू दे. मग ती काय म्हणाली ते मला लगेच कळव.

वहिनींना नमस्कार, लेकीला अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र