भाकरी उलटायला लावणाऱ्या मावशींना

मावशी, स. न.

तोंडी आभार मानायला आलो की तुम्ही "व्हा बाजूला सर, फोडणी करपंल" म्हणून पिटाळता. म्हणून हे लिहून काढतोय, तेही चारचौघांत. तुम्ही वाचाल आणि रागवाल, ते चालेल.

आमची शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोघं. माझ्याकडे तिसरी-चौथी. तुमची शेड माझ्या वर्गाच्या खिडकीला लागून, मागे कळसूबाई. तुम्ही शाळेचा पोषण आहार शिजवता. पोरामागे 100 ग्रॅम तांदूळ हे तुमचं गणित आणि मिनिटाला 60 शब्द हे माझं. 2021 साली केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं आणि तिसरीच्या पोराने मिनिटाला निदान 60 शब्द अर्थासह वाचावेत असं ठरलं. मी मोबाइलवर वेळ लावायचो, शब्द मोजायचो आणि वहीत आकडा टाकायचो. 'अर्थासह' मोजायला मोबाइलमध्ये काही नव्हतं, म्हणून ते राहूनच जायचं.

त्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने उतारा धाडधाड वाचला, 80च्या वर शब्द. मी खूश. तुम्ही खिडकीखाली तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "पोरगी एस्टीसारखी सुसाट गेली सर, थांब्यावर थांबलीच नाही. आतली माणसं उतरली कुठं?"

उतारा मीच लिहिलेला होता. गंगूची शेळी रंगूच्या शेळीपेक्षा लहान होती, पण दूध जास्त द्यायची. मी विचारलं, मोठी शेळी कोणाची? अख्खा वर्ग ओरडला, "गंगूची!" मी पुन्हा वाचून दाखवलं. पुन्हा गंगूचीच. आवाज चढवून वाचलं, तर अर्धी पोरं रंगूकडे गेली, पण ती माझ्या तोंडाकडे बघून.

आज कळतं की चूक पोरांच्या डोक्यात नव्हती, माझ्या प्रश्नांत होती. तोवरचे माझे सगळे प्रश्न उताऱ्यातली ओळ उचलून वहीत उतरवली की सुटणारे. गंगू कुठे गेली? गंगू बाजारात गेली. शाब्बास. रंगूची शेळी मोठी होती हे मात्र उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते वाचणाऱ्याने स्वतः काढायचं होतं, आणि पोरांना ती सवयच मी लावली नव्हती. पहिलं दिसलेलं नाव उचलायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

तुम्ही पाच पोरांना शेडमध्ये बोलावलंत आणि दोन पातेली पुढ्यात ठेवलीत. "हे पातेलं त्या पातेल्यापेक्षा लहान. बरोबर? आता भाकरी उलटा." पोरं बघतच राहिली. "अरे, एका अंगाने भाजली, आता दुसऱ्या अंगाने नको का? ते पातेलं ह्या पातेल्यापेक्षा...?" "मोठं!" बस्स. त्यात पुस्तकातली काही भाषा नव्हती. मी फळ्यावर 'लघु, लघुतर, लघुतम'चा तक्ता लावून दोन वर्षं बसलो होतो, आणि तुमच्या शेडमध्ये थोरलं, मधलं आणि धाकटं अशी तीन पातेली रोज चुलीवर चढत होती. (तो तक्ता आता कपाटामागे आहे. शोधू नका.)

तेव्हापासून आमच्या वर्गात 'पेक्षा' दिसला की कुणीतरी ओरडतंच, "भाकरी उलट!" नावांनी जागा बदलायची आणि लहानचं मोठं करायचं. गंगूच्या शेळीचा घोळ आठवड्यात मिटला.

पण मला खरी अद्दल घडली ती आंब्याने. एका पोराने वाक्य केलं : माझा आंबा तुझ्या आंब्यापेक्षा गोड. उलटून म्हणाला, तुझा आंबा माझ्या आंब्यापेक्षा आंबट. मी 'बरोबर' म्हणून पुढे निघालो, तेवढ्यात तुमचा खिडकीतून आवाज : "आंबट कशानं झाला? तोही गोडच असंल की, जरा कमी." वर्ग गप्प. मीही. विरुद्धार्थी शब्द घातला की काम झालं असं मी मानून चाललो होतो. गोडाच्या खाली कमी गोड असतं, लगेच आंबट नसतं, हे चौथीच्या पोरांशी बोलायला हवं असं मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी पाढे झालेच नाहीत. आम्ही तासभर 'कमी हुशार म्हणजे ढ का?' यावरच भांडत बसलो. हा प्रश्नही पोरांनीच काढलेला, आणि तो विचारणारा पोरगा कोण होता ते तुम्हाला माहीत आहे.

इंग्रजीचंही तसंच. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि चौथीतही पोरं म्हणतात, 'राम इज टॉल दॅन श्याम.' मी 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' घोकून घ्यायचो. तुम्ही भांडी घासताना विचारलंत, "त्यांच्यात 'पेक्षा'चं शेपूट लागतं कुणाला?" मी सांगायला गेलो आणि सांगता सांगता मलाच उलगडलं. आपण म्हणतो 'श्यामपेक्षा उंच'. शेपूट श्यामला आणि 'उंच' जसाच्या तसा. इंग्रजीत श्यामच्या आधी 'दॅन' येतो, पण 'टॉल'लाही शेपूट लागून त्याचा 'टॉलर' होतो. पोरं मराठी हिशेबाने बरोबरच बोलत होती, श्यामकडे 'दॅन' दिला म्हणजे काम भागलं. हे सांगितल्यावर चुका थांबल्या असं नाही, पण पोरं आपली आपण 'शेपूट, शेपूट' करत दुरुस्त करायला लागली.

आणि ती दोरी. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर उंच, साल्हेरचं 1567. पोरांनी वजाबाकी केली, 79. भाकरीही उलटली : साल्हेर कळसूबाईपेक्षा 79 मीटरने कमी उंच. ('ठेंगणं' म्हणायला गेलेल्याला बाकीच्यांनीच थांबवलं, आंब्याची आठवण देऊन.) मी खडू ठेवला. तुम्ही विचारलंत, "79 मीटर म्हणजे केवढं?" पोरं माझ्याकडे बघायला लागली, मी फूटपट्टीकडे. शेवटी विहिरीवरची दोरी आणली, मीटरच्या पट्टीने मोजत मोजत शेडपासून सरळ अंथरत गेलो. फाटक ओलांडून, हापशाच्याही पुढे गेली. एकजण म्हणाला, "हॅ, एवढंच?" तुम्ही पदर खोचून दारात उभ्या होतात. म्हणालात, "आडवं आहे म्हणून एवढंच वाटतंय. उभं कर." तुम्ही नवरात्रात कळसूबाईच्या शिड्या चढून आलेल्या बाई. पोरांनी माना वर केल्या त्या बराच वेळ खाली आल्या नाहीत.

मावशी, तुमच्या मानधनाचा आकडा इथे लिहायची मला लाज वाटते. तो वाढवणं माझ्या हातात नाही. शिक्षण परिषदेत मी ही भाकरी सांगितली तेव्हा टाळ्या मिळाल्या, आणि ती कुणाची हे मी सांगितलं ते अगदी शेवटी, खाली बसता बसता. ते आधी सांगायला हवं होतं. तेवढ्यासाठी माफ करा.

सोमवारी नवा उतारा घेतोय, दोन विहिरींचा. एक दुसरीपेक्षा खोल आहे, पण पाणी आधी तिचंच आटतं. का, ते मी लिहिलेलं नाही. तांदूळ निवडायला बसाल तेव्हा खिडकीतून हाक मारा, पाचजणांना वाचायला पाठवतो.

तुमचा,
तिसरी-चौथीचा सर