संग्रहालयातल्या काकांना, प्रबंधात लिहायचं राहिलेलं

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुमचं नाव ‘तांत्रिक साहाय्य’ या मथळ्याखाली आलं. साचा ठरलेला, त्यामुळे माझं काही चाललं नाही. तो मथळा मला मान्य नाही, म्हणून हे उघड पत्र.

कीटकशास्त्रात पीएच.डी. करायला आले तेव्हा विषय ठरला होता: ब्रॅकोनिडी कुळातल्या परजीवी गांधीलमाश्या, ज्यांच्या अळ्या दुसऱ्या किड्यांच्या जिवावर वाढतात. बहुतेकींचा आकार काही मिलिमीटर, आणि नाव मिळालेल्या प्रजातीच सुमारे २० हजार. जो तो सांगायचा, डीएनए बारकोड (प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) काढ, ओळख आपोआप पटेल. तुम्ही मात्र नमुन्यांच्या खणातून डोकं वर न काढता विचारलंत, “बारकोड ज्या नमुन्याशी जुळेल, त्याचं नाव कोणी ठरवलंय?” पुढची सगळी वर्षं मी याच प्रश्नावर काम केलं, असं म्हटलं तरी चालेल.

मग तुम्ही मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंत. पुढच्या पंखातली एक आडवी शीर दिसली तर इक्न्युमोनिडी हे जवळचं कूळ, नसली तर बहुधा ब्रॅकोनिडी. “बहुधा” हा शब्द तुम्ही कधी गाळला नाहीत. माशी इवली असेल तर पिन आरपार घालायची नाही, कागदाच्या त्रिकोणी टोकावर डिंकाने चिकटवायची. अळीतून माशी बाहेर आली की तिचा कोश त्याच पिनेवर हवा, कारण यजमान, म्हणजे ती ज्या किड्यावर वाढली तो, कोण होता हे नुसत्या माशीकडे बघून कळत नाही. लेबलवर महिना रोमन आकड्यात, कारण ५/६ म्हणजे कुठे ५ जून, कुठे ६ मे. डीएनएसाठी पाय काढायचा तो उजव्या बाजूचा, म्हणजे वर्णनाला डावी बाजू शाबूत राहते.

या शेवटच्या नियमाने मला वाचवलं. एका गटात सीओआय जनुकाचे, म्हणजे बारकोडचे, ६५८ बेस (डीएनएची ‘अक्षरं’) जवळजवळ सारखे आले, पण शरीररचना सरळ दोन प्रजाती दाखवत होती. किड्यांच्या पेशींत राहणारा व्होल्बाकिया जिवाणू आईकडून पिल्लांत उतरतो, मायटोकाँड्रियाही (पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग, सीओआय जनुक त्यातलंच) तसाच, त्यामुळे संकर झाला तर जिवाणूबरोबर एका प्रजातीचा बारकोड दुसरीत पसरून असा घोळ होऊ शकतो. नमुने धड होते म्हणून पुन्हा तपासता आले. नुसता बारकोडचा चार्ट हातात असता तर मी दोघींना एकच ठरवून मोकळी झाले असते.

“नुसती नावं देण्यात संशोधन कसलं?” हा प्रश्न सादरीकरणात आला, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला कसाव्यावरच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक) पिठ्या ढेकूण या किडीची गोष्ट सांगितली होती. १९७० च्या दशकात तो आफ्रिकेत पसरला. शोधपथकांना दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेत तसाच एक ढेकूण सापडला, पण त्याच्यावरच्या परजीवी माश्या आफ्रिकेतल्या ढेकणावर टिकेनात. तो निघाला वेगळ्याच प्रजातीचा. खरा ढेकूण १९८१ मध्ये पॅराग्वेत मिळाला आणि तिथल्याच अ‍ॅनागायरस लोपेझी या माशीने पुढे आफ्रिकेतलं पीक वाचवलं. मी तेवढंच सांगितलं आणि खाली बसले. पुढचा प्रश्न आला नाही.

वर्गीकरणाच्या शोधनिबंधांना उद्धरणं कमी मिळतात आणि नोकऱ्या त्याहून कमी, हे मला ठाऊक आहे. त्यावर तुम्ही कधी खोटा धीर दिला नाहीत, याचेही आभार. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला धीर देणारे पुष्कळ भेटतात. त्याचं लेबल वाचून “समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली नाहीस” म्हणणारा एखादाच.

माझे सगळे नमुने, होलोटाइपसकट (नव्या प्रजातीचं नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं तो एकमेव नमुना), पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे पोचतील. यादी खोक्यातच आहे. मी ते उणे २० अंशांवर ठेवून मगच बांधले आहेत, पण तुम्ही माझ्यावर विश्वास न ठेवता पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवालच. ठेवा. वाळलेले नमुने खाणाऱ्या संग्रहालयातल्या भुंगेऱ्याच्या अळीला माझ्या पदवीशी काही देणंघेणं नाही.

तुमची विद्यार्थिनी