कॅनॉलच्या काठाने जाते आहे, काळजी करू नका

उट्रेक्ट (नेदरलँड्स), एप्रिलअखेर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

पत्र बघून घाबरू नका. सगळं ठीक आहे. फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं, आणि आई, तू फोन स्पीकरवर टाकून समोरच्या काकूंपुढे ठेवतेस, मग मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. खालच्या ओमला सांगून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या. बाबा, मोबाइलवर डोळे ताणून वाचू नका.

मुख्य गोष्ट आधी सांगते, म्हणजे शोधत बसायला नको. मी मे महिन्यात नाशिकला येत नाहीये. शलाकाच्या लग्नालाही नसेन. तिकीट काढलंच नव्हतं, त्यामुळे पैसे बुडाले असं काही झालेलं नाही. त्याच सुट्टीत मी इथे सायकलवर फिरायला जाते आहे. एकटी. रजा मंजूर झाली आहे, राहायच्या जागा ठरल्या आहेत.

आई, पाणी पी आणि मग पुढे वाच.

डिसेंबरमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा मी येणारच आहे, आणि तेव्हा आठ दिवसांत पळून येणार नाही. तेव्हाची रजा मी आत्ताच बाजूला ठेवली आहे. मेमध्ये आले असते तर अर्धे दिवस लग्नघरात, उरलेले उन्हात; त्यात सिंहस्थाच्या कामांनी सगळे रस्ते उकरून ठेवलेत असं तूच सांगतेस. आणि मेमधलं तिकीट! तेवढ्यात माझी ही सगळी सहल होते आणि वर पैसे उरतात. दुसरं म्हणजे इथे मे हाच महिना बरा. थंडी गेलेली असते, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पक्षी घरट्यांवर असतात. तिसरं म्हणजे... तिसरं काही नाही. मला जायचंय. गेलं वर्ष कसं गेलं ते तुम्हाला माहीत आहे.

मोठ्या काकू विचारतील, हे मला कळतं. सांग, ऑफिसने सोडलं नाही. नाहीतर राहू दे, खरंच सांग. सायकल चालवायला गेली म्हणून सांग. त्यांना नाहीतरी मी लहानपणापासून तशीच वाटते.

आता जे टाळत होते ते. ही सगळी वाट कॅनॉलच्या आणि चाऱ्यांच्या काठाकाठाने आहे. आई, कॅनॉल म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. त्या प्रसंगानंतर तू मला निफाडच्या कॅनॉलवर एकटीला कधी जाऊ दिलं नाहीस आणि मीही कधी हट्ट केला नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एवढं ऐक: शेतांमधून जातात त्या इथल्या चाऱ्या उथळ, काठाला गवत आणि बोरू असतो. आपल्या कॅनॉलसारखं तिरपं अस्तर, त्यावर शेवाळ आणि खाली ओढणारं पाणी, असं नाही. मोठे कॅनॉल आहेत, त्यांत बोटी जातात, पण सायकलचा रस्ता वेगळा आणि पक्का असतो. शिवाय मी पोहायला शिकले, हे तुला सांगितलं नव्हतं. इथे लहान मुलांना पोहण्याचा पहिला दाखला मिळतो तोच अंगावर कपडे, पायात बूट घालून पोहून दाखवल्यावर. सगळीकडे पाणी, मूल पडणार ते कपड्यांसकटच पडणार, असा त्यांचा हिशेब. मोठ्यांच्या वर्गात मीही तसंच केलं. जीन्स पाण्यात किती जड होते ते विचारू नकोस. पण आलं मला.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. तुमची सगळी नोकरी टेलला, म्हणजे कॅनॉलच्या शेवटच्या टोकापर्यंत, पाणी पोचवण्यात गेली. आवर्तन सुटलं की तुमचं जेवण सुटायचं. इथे बरोबर उलटा कारभार आहे. या देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे इथल्या चाऱ्या शेताला पाणी द्यायला नाहीत, शेतातलं पाणी काढायला आहेत. चारीतून मोठ्या नाल्यात, तिथून पंपाने वरच्या कालव्यात, तिथून नदीत नाहीतर समुद्रात. पंप थांबले तर गावं बुडतील. पूर्वी हेच काम पवनचक्क्या करायच्या. किंडरडाइकला 1740 च्या सुमाराच्या अशा 19 चक्क्या एकाच ठिकाणी बघायला मिळतात आणि काहींमध्ये अजून माणसं राहतात. हे सगळं सांभाळायला पाणी मंडळं आहेत, तेराव्या शतकापासूनची. त्यांची निवडणूक होते, त्यांची पट्टी वेगळी भरावी लागते. तुम्ही वाघाडच्या पाणीवापर संस्थांचं कौतुक करायचात ना, की शेतकऱ्यांनी स्वतः पाणी मोजून घेतलं? त्याचे हे पणजोबा म्हणा.

वाट अशी आहे. डॉर्ड्रेक्टहून निघायचं, कारण इथे वारा बहुतेक नैऋत्येकडून असतो आणि मला ईशान्येला जायचंय, म्हणजे तो पाठीवर राहील. चढ नावाला नाही, पण समोरून वारा लागला की सिन्नर घाटाची आठवण होते. डॉर्ड्रेक्टच्या शेजारी बीसबॉस नावाचं जंगल-पाणथळ आहे. 1421 च्या पुरात तिथली जमीन पाण्याखाली गेली, तिथे आता बीव्हर राहतात. 1988 मध्ये बाहेरून आणून सोडले होते, आता चांगले रुळलेत. पुढे किंडरडाइक, खाऊडा, मग नार्डरमेर. या तळ्यात अ‍ॅम्स्टरडॅमचा कचरा टाकायचं ठरत होतं. ते कसंबसं टळलं, आणि लोकांनी संस्था काढून 1906 मध्ये तळंच विकत घेतलं.

त्यापुढचं ठिकाण मी मुद्दाम तुमच्यासाठी वाटेत घेतलंय. फ्लेवोलांड प्रांताचा दक्षिण भाग 1968 पर्यंत पाण्याखाली होता. बांध घालून पाणी उपसलं. त्यातला एक सखल तुकडा कारखान्यांसाठी राखला होता, पण तो लगेच कोणी वापरला नाही. ओलाच राहिला, बोरू माजला, हंसबदकं उतरली आणि बघता बघता अभयारण्य झालं. हे वाचलं तेव्हा मला तुमचा नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आठवला. तुम्ही गाळावरून किती चिडायचात! साठा कमी झाला, कॅनॉलला पाणी पुरत नाही, वर लिहून लिहून हात दुखले. आणि त्याच गाळाच्या उथळ बेटांवर वारकरी, चमचे, थापटे हे पक्षी उतरले. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव लागलं. तुमच्या खात्याचं नुकसान आणि पक्ष्यांचं घर! हे तुमच्यापुढे बोलायची माझी हिंमत नव्हती. पत्रात चालतं.

शेवटी वेरिबेन. तिथे पूर्वी दलदलीतून जळणाची माती काढायचे, त्यामुळे पाण्याच्या लांबच लांब पट्ट्या राहिल्या आहेत. 2002 मध्ये तिथे पाणमांजरं पुन्हा आणली. तिथून जमलं तर लेमरला वाकडी वाट करेन. तिथे 1920 सालचं वाफेवर चालणारं पंपघर आहे आणि पाणी फार चढलं की ते अजूनही चालवतात. तिथे काय काय विचारायचं ते मला लिहून कळवा. डिस्चार्ज किती, कोळसा की तेल, ऑपरेटर किती, जे हवं ते. मी विचारून येईन आणि आकडे नीट लिहून आणेन.

आई, तुझे प्रश्न. राहायला हॉटेल नाही, लोकांची घरं आहेत. फक्त सायकलवाल्यांना आणि पायी फिरणाऱ्यांना घरात जागा देणाऱ्यांची एक जुनी संस्था आहे, मी तिची सभासद झाले. दोन ठिकाणी तर आजी-आजोबाच आहेत. स्वच्छ खोली, गरम पाणी, सकाळी ब्रेड-चीज. चीजला कंटाळले तर तू पाठवलेलं मेतकूट आहे, थालीपिठाची भाजणी आहे, कोरडा चिवडा आहे. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच, तेही थांबत थांबत. सायकल जुनीच, लेडीज, सात गिअरची. मागे दोन पिशव्या. एकीत रेनकोट आणि औषधं, दुसरीत कपडे. रस्ता चुकायची भीती नाही. प्रत्येक फाट्याला हिरवा आकडा लिहिलेली पाटी असते, सकाळी दिवसभराचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवायचे आणि आकड्यामागून आकडा जायचं. ती चिठ्ठी मी रोज सकाळी तुला पाठवेन, म्हणजे मी कुठे आहे ते तुलाही कळेल. संध्याकाळी पोचले की निरोप. निरोप उशिरा आला तर लगेच दादाला फोन लावू नकोस, वारा समोरचा असेल.

बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवायचात आणि कॅनॉलच्या भरावावरून गेटपर्यंत न्यायचात, ते खूप आठवतं हल्ली. पायांना मुंग्या यायच्या, पण मी सांगायची नाही, कारण सांगितलं की तुम्ही उतरवून चालायला लावायचात. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेजपट्टीवरचा आकडा मी मोठ्याने वाचायची आणि तुम्ही कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहायचात. मी कधीकधी चुकीचा वाचायची. तुम्ही काही न बोलता बरोबरचा लिहायचात. मला ते फार उशिरा कळलं.

आता ऐका, दोघांनीही. बाबा, कानाचं मशीन डबीत ठेवायला घेतलेलं नाही. चालायला कृषीनगरच्या ट्रॅकवर जा, पण उन्हं चढायच्या आत, आणि स्कूटर घेऊन नाही. गुडघ्याचा व्यायाम दिवसातून दोनदा, आईने समोर उभं राहून करवून घ्यायचा. आई, तुझी बीपीची गोळी सकाळची आहे, पूजा झाल्यावरची नाही. लोणचं, पापड दोन्ही एका जेवणात नको. माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, ओम चढेल. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला सांगितला होता, तो अजून पिशवीतच आहे ना? मे संपायच्या आत बसवा. आणि मागच्या वर्षी सिन्नरला जे केलंत ते पुन्हा नको. काहीही झालं तरी त्याच दिवशी मला कळवायचं. मी सायकलवर असले तरी फोन माझ्याकडे असतो, आणि इथून नाशिकला पोचायला एक दिवस पुरतो.

डिसेंबरमध्ये ऑपरेशनच्या आधी एक दिवस गाडी करून नांदूरच्या अभयारण्यात, चापडगावला जाऊ. इथला राष्ट्रीय पक्षी ब्लॅक-टेल्ड गॉडविट आहे, लांब चोचीचा. त्याची घरटी वाचावीत म्हणून काही शेतकरी गवत उशिरा कापतात. तोच पक्षी हिवाळ्यात नांदूरला येतो. इथले आफ्रिकेत जातात, आपल्याकडचे उत्तरेकडून येतात, पण दिसायला तसेच. बाबा, दुर्बीण कपाटात असेल तर तिला बुरशी लागली का बघून ठेवा. आई, तू येशील? नको वाटलं तर मनोऱ्याजवळ सावलीत बसून राहा, पाण्याजवळ यायचं नाही. मी तुझ्याजवळच थांबेन.

तुमची,
मनू

ता.क. शलाकासाठी माझ्याकडून पैठणी घ्यायची आहे. पैसे दादाच्या खात्यात टाकलेत. येवल्यालाच जा, नाशिकमध्ये घेऊ नकोस, आणि गाडी करूनच जा, बसने नाही. रंग तुला आवडेल तो. फक्त मोरपिशी नको, तो आत्याने आधीच घेतलाय.