अकरा वाजून वीस मिनिटं

प्रिय बाल्या,

दिवाळीपासून तुले फोन नाही, मेसेज नाही, अन् आता एकदम येवढं लांबलचक पत्र पाहून तू म्हणशीन याले पैसे पाहिजे असतीन. पैसे नको. दोनदा फोन लावला होता, रिंग जायच्या आत कट केला. आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर बॉर्डरवर, बाकी सब ठीक.

तुले ऑक्टोबरातली पाण्याच्या ताळेबंदाची सभा माहीत आहे. तुह्या मोठ्या भावानं तुले फोटो पाठवला असन, मी फेटा बांधून पडद्यापुढं उभा, हातात वेताची काडी. त्या फोटोपायीच हे पत्र लिहू राहिलो.

पंचायतीतला जुना डबा गेला एकदाचा. नवा लॅपटॉप आला अन् त्याच्यात एक्सेल शीटचं नवं व्हर्जन. आता तुले आठवते, जुन्यात ओळी 65,536 च्या वर जात नव्हत्या, म्हणून आपलं विहिरीचं एकेक साल एकेका पानावर. विहिरीत सोडलेलं पाण्याची पातळी मोजायचं यंत्र दर दहा मिनिटाले एक आकडा लिहिते, म्हणजे दिवसाचे 144, सालाचे 52,560, कसंबसं मावे. आलेखाचं त्याहून वाईट, एका रेघेत 32,000 टिंबाच्या वर घेतच नव्हता, मग सालाचे दोन तुकडे करा, पावसाच्या आधीचा अन् नंतरचा, अन् भितीवर शेजारी शेजारी चिकटवा. एमएससीआयटीच्या क्लासात सर म्हणत हे शीट म्हणजे समुद्र आहे, तो समुद्र आपल्या एका विहिरीनं भरला होता.

नव्यात ओळी 10,48,576. मले हाव सुटली रे. चारही सालं एका खाली एक चिकटवली, 2,10,384 ओळी, अन् सभेच्या आदल्या रात्री आखाच्या आखा कॉलम सिलेक्ट करून आलेख काढला. रात्री निघाला, वेळ लागला पण निघाला. मी खुश, झोपलो.

सभेत फाईल उघडली अन् ते गोल चक्र सुरू. चाळीस माणूस बसलेलं, बाया अलग, पोट्टे खिडकीत. चक्र फिरू राहिलं घाण्याच्या बैलावानी. पाच मिनिटं, सात मिनिटं. चहा येऊन गेला. सरपंच म्हणे डॉक्टरसाहेब, पेशंट हाले नाही बावा. सारे हासले. मी माऊस हालवला तं ते सारं पुन्हा पयल्यापासून काढू लागलं. मांगून कोणीतरी बोललं, जुना डबाच बरा होता, बंद तरी पडे. तेवढ्यात म्हातारे लोक उठून जायले लागले.

आता मले समजते काय झालं होतं. व्हर्जनले शिव्या देल्या मी, पण चूक माझीच. आखा कॉलम धरला म्हणजे चारही सालं एकदमच त्याच्या बोकांडी. वरून दर टिंबावर तो चौकोनी मार्कर, एकेकाले रंग, एकेकाले काठ. अन् लॅपटॉपची स्क्रीन आडवी 1366 टिंबांची. दोन लाख आकडे तेवढ्यात कोंबायचे, म्हणजे एका उभ्या रेघेत दीडशेच्या वर आकडे एकावर एक. माणसाले दिसणार काहीच नाही, मशीन मात्र इमानदारीनं दीडशेही काढते. हे तू मले तवाच सांगतलं होतं, विहिरीच्या काठावर. तू म्हणे सरकारी लोक निरीक्षण विहिरी सालातून चारदा मोजतात अन् तुले दर दहा मिनिटाले कायले पाहिजे, तुह्या विहिरीले काय ताप आहे का. मी म्हटलं तू पुण्याले जाऊन कंजूष झाला. मग यंत्राच्या त्या हवेच्या नळीवाल्या केबलवरून आपलं भांडण, नळी पाण्याच्या वर ठेवायची का डब्बीत बंद करायची, दुपारचे संध्याकाळ झाले, शेवटी टॉर्चच्या उजेडात यंत्र सोडलं. पयला आकडा पडला रातच्या 11:20 ले. हा टाईम ध्यानात ठेव.

तं सभा उठू लागली. मी घाबरलो. पटकन दर 144 वी ओळ उचलायचा फॉर्म्युला मारला, दिवसाले एक आकडा, चार सालाचे 1,461 टिंब. आलेख चुटकीसरशी आला. काय दिसला बाल्या! चार रंगाच्या चार रेघा, अन् यंदाची रेघ मागच्या सालाच्या तीन मीटर खाली लोंबकळू राहिली. दहा फूट! सारी सभा गप. मी काडी घेऊन सांगतलं, पाहा, वरुड-मोर्शीकडं संत्र्यासाठी बोरावर बोर मारले तं पाणी कुठं गेलं, आपल्याले तसं नाही करायचं. गव्हाले पाच-सहा पाणी लागते, हरभरा एकदोन पाण्यात येते. अर्ध्या तासात ठराव, यंदा विहिरीवर गहू नाही. मले फेटा बांधला. भाषण तं असं ठोकलं की तू असता तं खाली पाहून हासला असता.

आता खरी गोष्ट. डिसेंबरात एका रात्री झोप येईना म्हणून त्या फाईलीशी खेळत बसलो. मार्कर काढून टाकले, अन् एकच आठवडा घेतला, 1,008 टिंब. डोळ्याची पापणी लवायच्या आत आलेख हजर. अन् मले घाम फुटला. रात्री दहाले लाईन येते, पाणी धपकन खाली. अकरा-बाराले तळाशी. लाईन गेली की हळूहळू वर, अन् दिवस निघेपर्यंत विहीर होती तिथं. आपली विहीर काळ्या दगडाची, मुरमातून अन् भेगांतून पाणी येतच राहते, रात्रीत भरून निघते. मी दर 144 वी ओळ उचलली म्हणजे रोजचा 11:20 चाच आकडा उचलला. पंप जोरात चालू असतानाचा. मागच्या सालांत तसं दिसे नाही कारण रातचं वावरात जायले कोणी तयार नव्हतं, रानडुकरायचं भेव. यंदा मोठ्यानं पऱ्हाटीसाठी ऑटो स्विच बसवला, लाईन आली की पंप आपोआप चालू. तो ऑटो स्विच पोळ्याले कोणं आणून देल्ला? तूच. म्हणजे अर्धा गुन्हा तुह्या नावावर.

मग दर दिवसाचा सगळ्यात वरचा आकडा काढला, पहाटेचा, भरल्या विहिरीचा. यंदा अन् मागच्या सालात फरक चाळीस सेंटिमीटर. हातभर. तीन मीटर नाही रे, हातभर.

काकाजीनं बियाण्यासाठी ठेवलेला गहू दळून खाल्ला. दोन पोते. मले वाटेत भेटते तवा म्हणते, बाबू, तुह्यापायी वाचलो, नाही तं फेब्रुवारीत विहिरीत बेडूक दिसले असते. तुमच्याही वावरात हरभराच आहे अन् त्याच्यावर घाटेअळी पडली, मोठ्यानं दोन फवारे मारले, गव्हाले तेवढी कटकट नसती. त्यानं तुले सांगतलं का नाही मले माहीत नाही. अन् एक बाजूनं असंही वाटते की सारे गव्हावर पडले असते तं पाच पाण्यात विहीर हातभर काय, पुरुषभर गेली असती. म्हणजे निर्णय चुकला नसनही. पण आकडा चुकला. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकते हे मी इथं कोणाले समजावू, सांग. आखाच्या आखा गावात 144 म्हणजे काय हे फक्त तुले माहीत आहे. एका विहिरीवरून गावाचं पाणी सांगू नको हेही तूच म्हटलं होतं, तेही मी ऐकलं नाही, लिही ते माझ्या खात्यावर.

तुह्या पोट्टीची दहावी आहे ना यंदा, तिले म्हणा गणितात सँपलिंग नीट शिक. वहिनीले नमस्कार. फ्लॅटचं झालं का काही?

तं फोन काऊन नव्हतो करत ते समजलं तुले. पण आता गोष्ट गळ्याशी आली. सरपंच तोच आलेख फ्लेक्सवर छापू राहिला, दहा बाय सहा, पंचायतीच्या भितीले लावायले, खाली माझा फोटो फेट्यासकट. फ्लेक्सवाला दारव्ह्याहून फाईल घ्यायले आल्ता. मी त्याले म्हटलं लॅपटॉप स्लो झाला आहे, उघडत नाही. चार मिनिटं माऊस हालवून दाखवला. त्यानं विश्वास ठेवला, सभेत होता तो.

शुक्रवारी परत येते म्हणे. त्याच्या आधी फोन करजो. रातचे दहा वाजून गेल्यावर कर, तवा लाईन असते.

तुहाच,
जाड्या