पियानोचा फायदा डाव्या हाताला विचारा

महोदय,

उन्हाळी छंदवर्गांच्या जाहिराती सुरू झाल्या, की ‘पियानो शिका, गणित सुधारा’ छापाची वाक्ये दिसू लागतात. असल्या दाव्यांसाठी 1993 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगाचा हवाला फार दिला जातो. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची रचना नुसती ऐकवली होती. वाजवायला कोणी शिकवले नव्हते. एका ठरावीक प्रकारच्या कोड्यांत दिसलेला फरकही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तेव्हा गणितासाठी गणितच करावे.

पियानोचा खरा फायदा डाव्या हातापासून सुरू होतो. पेटी वाजवताना तो भात्यावर अडकलेला असतो आणि आवाजाचा चढउतारही भाताच ठरवतो. पियानोत पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल तितक्या जोरात हातोडी तारेवर आदळते, म्हणून प्रत्येक बोटाला आपला जोर स्वतः मोजावा लागतो. उजव्या हाताची चाल ठसठशीत आणि त्याच क्षणी डाव्याची साथ हलकी, हे जमायला महिनोन् महिने जातात. स्वरलिपीचे वाचनही दुहेरी. वरच्या पाच रेषा बहुधा उजव्या हाताच्या, खालच्या पाच डाव्याच्या; आणि सर्वांत खालच्या रेषेवरचा स्वर वर ‘ई’ असतो, तर खाली ‘जी’. पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवले, की मूल स्टिकर वाचते, स्वरलिपी नाही.

हे सगळे 61 हलक्या पट्ट्यांच्या की-बोर्डवर होत नाही. स्वस्त की-बोर्डवर तर पट्टी कशीही दाबा, आवाज तेवढाच येतो. डिजिटल पियानो घ्यायचा तर 88 वजनदार पट्ट्या, खालच्या स्वरांच्या जड आणि वरच्या स्वरांच्या हलक्या, आणि सोबत पायाचे पेडल, एवढे तरी पाहावे. ताल, लायटिंग, शेकडो आवाज यांना पैसे मोजू नयेत. इंग्रजी ‘एक्स’च्या आकाराचा स्टँड जोरात वाजवताना डुलतो, चार पायांचा घ्यावा. फ्लॅटमध्ये हेडफोनवर सराव होतो, ही डिजिटलची मोठी सोय.

बैठकीकडे तर कोणी पाहतच नाही. कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवे, बसायचे स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर, आणि मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. पाय अधांतरी असले की खांदे वर चढतात आणि मनगट ताठरते. डायनिंगची खुर्ची बहुतेक मुलांना बुटकी पडते.

सरावाचे म्हणाल तर लहान मुलाला रोज वीस मिनिटे पुरतात. रविवारी एकदम दोन तास बसवून ती भरपाई होत नाही. चार मात्रांचे चार खंड घ्यावेत. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही निम्म्या लयीत. चूक झाली की मूल पहिल्यापासून सुरू करते. त्यामुळे पहिली ओळ सफाईदार होते आणि शेवट कायम कच्चा राहतो. जिथे अडले तेवढाच खंड घ्यावा, शेवटचा खंड आधी बसवला तरी चालते. पेडल सुरुवातीला नकोच, त्याच्या घुमाऱ्यात चुका झाकल्या जातात. पुढे ते वापरताना नवा स्वरमेळ (एकत्र वाजणारे स्वर) वाजताक्षणी पाय उचलून लगेच पुन्हा दाबायचा. स्वराआधी दाबला, तर मागचे स्वर नव्यात मिसळून चिखल होतो.

मूल शास्त्रीय गाणेही शिकत असेल, तर गळ्याचा रियाज तानपुऱ्यावरच करू द्या. पियानोचे बारा स्वर समान अंतरांवर लावलेले असतात. त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, त्यामुळे हा फरक कानाला कळतो.

कोणाकडे जुना तारांचा पियानो असेल, तर मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळा हाच त्याचा शत्रू. लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात. बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. खालच्या फळीआड लहान दिवा लावून ठेवण्याची जुनी युक्ती आहे, पण दिवा जुन्या पद्धतीचा, आतली तार तापणारा बल्ब हवा आणि लाकडापासून, नमद्यापासून (दाबलेल्या लोकरीच्या कापडापासून) लांब हवा. एलईडीला पुरेशी ऊबच नसते. आणि सूर लावून घ्यायचे ते हवा कोरडी होऊन स्थिरावल्यावर, भर पावसात नव्हे.

वर्गचालकांनी जाहिरातीत बुद्धिमत्तेऐवजी दोन गोष्टी छापाव्यात: मूल कोणत्या वाद्यावर शिकणार, आणि तासाला एका वाद्यामागे किती मुले असणार.

— एक पियानो शिक्षक, मुंबई