आई-बाबा, त्या फोटोतल्या गाडीबद्दल

प्रिय आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. मामाच्या पोराने फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या फोटोत हेल्मेट घातलेली मीच आहे. पण आई, मी रेस लावत नाही गं. ह्याला ट्रॅक डे म्हणतात, पैसे भरायचे आणि दिवसभर आपली गाडी ट्रॅकवर चालवायची, टायमिंग लावायला बंदी, नंबर नाही, कप नाही, पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक नाही, सकाळी सगळ्यांना बसवून झेंड्यांचे नियम सांगतात, सायलेन्सरपाशी मीटर धरून आवाजसुद्धा मोजतात. नेहमीचा इन्शुरन्स तिथे चालत नाही, मी त्या दिवसाचा वेगळा काढते. वर्षातून तीनचार वेळा जाते, बास. आणि समोरून एसटी येत नाही, हे कराडच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

आता गाडी. लोटस एलिस, १९९८ची, सेकंडहँड. बाबा, वजन ऐका, कंपनीचा आकडा ७२५ किलो! आपल्या मारुती ८००मध्ये एक माणूस बसवला की होईल साधारण तेवढं. इंजिन मात्र १८०० सीसी, तेही सीटच्या मागे. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, चासी (गाडीचा सांगाडा) अ‍ॅल्युमिनियमची आणि वेल्डिंग न करता चिकटवलेली (बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवू नका). हलकी असली की ब्रेक-टायर टिकतात. तिथे एकजण दीड टनाची गाडी आणतो, दुपारपर्यंत त्याच्या ब्रेकचा जळका वास पिटभर, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे सगळीकडे, पसरतो, मी त्याच टायरांवर घरी येते.

ट्रॅक म्हणजे स्नेटरटन, इथे इंग्लंडातल्या नॉरिच शहरापासून अर्ध्या तासावर. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन बॉम्बरचा तळ होता. गाडी जिथे बनली ते हेथेलही तसंच, जुना विमानतळ.

आणि आता जे लपवलं ते. सप्टेंबरमध्ये माझी गाडी फिरली. कोरम म्हणून एक उजवं वळण आहे, संपता संपत नाही, मला वाटलं स्पीड जास्त झाला आणि घाबरून मधेच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. असं केलं की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं. एक अख्खी गिरकी, मग गवत, मग एकदम शांत. मला काही नाही, गाडीला ओरखडा नाही, फक्त चाकांच्या आत गवत ठासलं होतं ते संध्याकाळी चमच्याने काढत बसले.

तिथे गवतात बसून कुंभार्ली घाट आठवला. बाबा शेजारी, हात हँडब्रेकवर, "काय तो ब्रेक वळणाच्या आधी मार, वळणात पाय हलवू नको." पुढच्या वेळी इन्स्ट्रक्टर घेतला, त्याने अर्धा तास इंग्रजीत हेच सांगितलं, वर पैसे घेतले.

मे महिन्यात याल तेव्हा बाबांना बसवणार आहे, ट्रॅकवर नाही, साध्या रस्त्यावर. दाराचा उंबरा रुंद आहे, गुडघ्याला त्रास होईल, पण छप्पर काढलं की सीटवर उभं राहून खाली सरकता येतं, शेजारच्या आजोबांवर ट्रायल घेतलीये. सीट दोनच आहेत. आई, आधी तुझा नंबर, बाबा तोवर फाटकापाशी उभे राहतील.

तुमची,
छकुली