एजंटच्या हाती पेमेंटची यादी देताना

संपादक महोदय,

‘काल कोणाचे पैसे पडले, कोणाचे अडकले?’ असे साध्या मराठीत विचारले की उत्तर देणारे एआय एजंट आता लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याच्या किंवा दिंडोरीच्या द्राक्ष कंपनीच्या पेमेंट खात्यालाही जोडता येतात. चर्चा होते ती एजंट किती हुशार आहे याची. उत्तर चुकते ते मात्र बहुधा दुसरीकडेच: पेआउटची, म्हणजे खात्यातून इतरांना पाठवलेल्या पैशांची, यादी आणून देणाऱ्या टूलचे (एजंट वापरतो त्या छोट्या प्रोग्रामचे) वर्णन अर्धवट लिहिलेले असते.

अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एजंटला बाहेरच्या सेवांशी जोडण्याच्या सामायिक पद्धतीत) प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा आराखडा असतो. टूल केव्हा आणि कसे वापरायचे हे एजंट त्यावरूनच ठरवतो. नवा दिवाणजी अडला तर मालकाला विचारतो. एजंट पुष्कळदा अंदाज बांधून पुढे जातो आणि उत्तर तितक्याच ठामपणे देतो.

पहिली गोष्ट रकमेची. रेझरपेसारख्या पेमेंट सेवा रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत देतात. १,२५,००० रुपये यादीत १२५००००० असे दिसतात. ‘रक्कम पैशांत, रुपयांसाठी १०० ने भागा’ हे वाक्य वर्णनात नसेल तर सव्वा लाखाचे सव्वा कोटी होतात. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते.

पानांची चूक तशी दिसत नाही. अशा यादीत एका वेळी ठरावीक नोंदीच येतात. सांगितले नाही तर बऱ्याचदा १०, आणि कमाल १००. लिलावानंतर ३४० शेतकऱ्यांचे पैसे सोडले असतील आणि एजंटने एकदाच यादी मागवली, तर तो पहिल्या १० किंवा १०० नोंदींचीच बेरीज करून ‘एकूण’ म्हणून सांगेल. म्हणून वर्णनात स्पष्ट लिहावे: मागितल्या तितक्याच नोंदी आल्या तर पुढचे पान मागवा, सगळी पाने संपेपर्यंत बेरीज सांगू नका. यात आणखी एक खोच आहे. यादी नव्याकडून जुन्याकडे लावलेली असते. पाने मागवत असतानाच नवे पेआउट सुटले की सगळ्या नोंदी खाली सरकतात आणि पहिल्या पानावरची शेवटची नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा येते. तोच शेतकरी दोनदा मोजला जातो. उपाय सोपा: शोधाची शेवटची वेळ आधीच गोठवायची आणि पेआउटच्या आयडीवरून दुबार नोंदी गाळायच्या.

वेळ युनिक्स सेकंदांत, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत, मागितली जाते. एजंटने मिलिसेकंद दिले तर शोध हजारो वर्षे पुढच्या काळात जातो आणि यादी रिकामी येते. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे दिवस यूटीसीने मोजला तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधले पेआउट आदल्या तारखेत जाऊन बसतात. मार्चअखेरीस हा घोळ थेट आर्थिक वर्ष बदलतो. आकडा देऊनच सांगावे: भारतीय वेळेनुसार १ एप्रिल २०२५ ची सुरुवात म्हणजे १७४३४४५८००.

स्थितीचे शब्दही एकेक करून उलगडावेत. क्यूड म्हणजे पैसे अजून सुटलेलेच नाहीत, बहुधा खात्यात शिल्लक नाही. पेंडिंग म्हणजे मंजुरी बाकी. प्रोसेसिंग म्हणजे काम चालू, त्यात यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) नसू शकतो. रिव्हर्स्ड म्हणजे रक्कम आपल्याकडे परत आली. ती ‘दिले’ या बेरजेत धरायची नाही. शिवाय पैसा कोणत्या दिशेला गेला तेही लिहावे. स्ट्राइप या दुसऱ्या पेमेंट सेवेत पेआउट म्हणजे आपल्याच बँक खात्यात येणारी रक्कम, तर रेझरपेमध्ये त्याला सेटलमेंट म्हणतात आणि पेआउट दुसऱ्याला जातो.

सगळ्यात महाग पडते ती रिकामी यादी. चावी, म्हणजे टूलला खात्यात प्रवेश देणारा गुप्त संकेत, चुकली (चूक-क्रमांक ४०१) किंवा मागण्या जास्त झाल्या (४२९) तर टूलने चूक म्हणून चूकच परत द्यावी. त्याऐवजी रिकामी यादी दिली तर एजंट ‘काल एकही पेमेंट झाले नाही’ असे सांगतो आणि कोणीतरी त्याच शेतकऱ्यांना दुसऱ्यांदा पैसे पाठवते.

‘फक्त वाचनासाठी’ ही प्रोटोकॉलमधली खूण केवळ सूचना आहे, कुलूप नाही. यादी वाचणाऱ्या चावीला पैसे सोडण्याचा अधिकार देऊच नये. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक पुरतात. शेऱ्याच्या रकान्यात बाहेरच्याने लिहिलेला मजकूर असू शकतो. तो आज्ञा म्हणून पाळायचा नाही, हेही वर्णनात हवे.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून हे वर्णन लेखी मागून घ्यावे. मग चाचणी खात्यात १०१ पेआउट टाकावेत, त्यातला एक रिव्हर्स्ड, एक रात्री सव्वाबाराचा. एजंटला त्या दिवसाची एकूण रक्कम विचारावी आणि उत्तर हाताने केलेल्या बेरजेशी ताडून पाहावे. नंतर मुद्दाम चुकीची चावी घालून तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

— पेमेंट सॉफ्टवेअर जोडणीचे काम करणारे काही जण, नाशिक